सूर्यास्ताला किती वेळ उरला, ते स्क्रीनच्या कोपऱ्यात

आमच्या घरी रात्रीचं जेवण नाही. उपाशी झोपतो असं नव्हे, सूर्य मावळायच्या आत पानं उचललेली असतात. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत यात नवल काही नाही. आईचा नेम त्याहून कडक. सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधी तिनं आचवलेलं असतं. माझं साधं आहे, बिंब आहे तोवर घास. पण माझं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं) दुकान बोळातल्या एका गाळ्यात, खिडकी नाही. शटरमधून दिसतो तो समोरचा झेरॉक्सवाला, त्याची ट्यूब दिवसभर चालूच. लग्नसराईत पत्रिका लावत बसलं की बाहेर दुपार आहे की दिवेलागण, पत्ता लागत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या स्टुलावर बसून ‘श्री वीतरागाय नमः जरा मोठं करा, नको, होतं तेच बरं होतं’ म्हणत असतं आणि घरून फोन येतो, “अहो, निघालात का?”

म्हणून कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ‘सूर्यास्ताला १ तास १२ मिनिटं’ असं उलटं चालणारं घड्याळ बसवलं. ते कसं बसवायचं ते लिहितो. आधी माझं काय चुकलं ते सांगतो, कारण बहुतेकांचं तिथंच चुकेल.

सुरुवातीला मी एक तयार विजेट टाकलं. हवामान, तापमान, खाली सूर्योदय-सूर्यास्त. नोव्हेंबरात लावलं आणि सहा महिने काही बोलायचं काम पडलं नाही. मग जूनचा तिसरा आठवडा. विजेट म्हणतंय सूर्यास्त ७:१८. मी सातला घरी पोचलो, हातपाय धुतले, पाच-सहा मिनिटांनी पानावर बसलो. अर्धी भाकरी झाली असेल, आई आतून म्हणाली, “सूर्य गेला की रे.”

“आई, अजून दहा मिनिटं आहेत.”

तिनं खिळ्यावरची दिनदर्शिका काढून माझ्या पानाशेजारी ठेवली. सूर्यास्त ७:०७. वर तिचं वाक्य, “तूच छापलीस की ही.”

खरं होतं. बस्तीची (आमच्या जैन मंदिराची) दिनदर्शिका दरवर्षी दिवाळीत माझ्याच दुकानात लागते. बारा महिन्यांचे ते तक्ते मीच हातानं बसवलेले. पान तसंच सोडून उठलो.

दुसऱ्या दिवशी शोधलं. माझ्या इंटरनेटचा पत्ता बाहेरून मुंबईचा दिसतो, त्यामुळे विजेटनं मुंबईच धरली होती. पण मग सहा महिने कसं निभावलं? याचं उत्तर कळलं की पुढचं सगळं गणित कळतं, म्हणून इथे जरा थांबतो.

सूर्याला एक रेखांश ओलांडायला ४ मिनिटं लागतात. सांगली ७४.५८ पूर्व, मुंबई ७२.८८ पूर्व. फरक १.७ अंश, म्हणजे मुंबईत सगळंच सुमारे ७ मिनिटं उशिरा. हा फरक बारा महिने तोच. दुसरा फरक अक्षांशाचा. मुंबई १९.०८ उत्तर, सांगली १६.८५. जितकं उत्तरेला जाल तितका उन्हाळ्याचा दिवस मोठा आणि हिवाळ्याचा लहान. त्यामुळे जूनमध्ये मुंबईचा सूर्यास्त आणखी चारेक मिनिटं पुढे सरकतो आणि डिसेंबरात तितकाच मागे येतो. ७ अधिक ४ म्हणजे ११, ७ उणे ४ म्हणजे ३. हिवाळ्यात मी तीनच मिनिटं चुकत होतो आणि घरी पोचून दहा मिनिटं हाताशी असायची, म्हणून ते झाकलं गेलं.

तर पहिली पायरी: आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश स्वतः काढायचे. गूगल मॅप्सवर आपल्या घरावर उजवं बटण दाबलं की दोन आकडे येतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दोन दशांश स्थळं पुरेत. गाव बदललं तर आकडे बदला. सांगलीहून कोल्हापूरला गेलात तर रेखांशाचा दीड मिनिटाचाच फरक पडतो, पण नागपूरला गेलात तर सूर्य जवळजवळ वीस मिनिटं आधी डोक्यावर येतो.

ज्यांना गणितात पडायचं नाही त्यांच्यासाठी सोपा उपाय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, नाइट लाइट. तिथे वेळापत्रक चालू करून ‘सनसेट टू सनराइज’ निवडलं की त्याच ओळीत आजच्या वेळा दिसतात आणि सूर्य मावळताना स्क्रीन पिवळसर होऊ लागते. त्याआधी प्रायव्हसीतल्या लोकेशनच्या पानावर ‘डिफॉल्ट लोकेशन’मध्ये आपलं गाव घालून ठेवा. रात्री डोळ्यांना बरं म्हणून हे लावणाऱ्याला एवढं पुरतं. मला नाही पुरलं, कारण स्क्रीन पिवळी पडते तेव्हा वेळ गेलेली असते. शिवाय पत्रिकेचा रंग बघताना पिवळी स्क्रीन म्हणजे गिऱ्हाईकाशी भांडण.

आता खरं काम. आधी एक्सेलमध्ये किंवा लिब्रऑफिसच्या कॅल्कमध्ये गणित लावून बघा, एकदम घड्याळ करायला जाऊ नका. वर्षातला कितवा दिवस ते ‘दि’ माना (तारखेतून गेल्या वर्षीची ३१ डिसेंबर वजा केली की मिळतो). मग एकेका रकान्यात एकेक ओळ:

ब = (दि − ८१) × ३६० ÷ ३६५

क्रां = २३.४५ × साइन(ब)

वे = ९.८७ × साइन(२ब) − ७.५३ × कोसाइन(ब) − १.५ × साइन(ब)

म = ७२० + ४ × (८२.५ − रेखांश) − वे

कोसाइन(ता) = (−०.०१४५ − साइन(अक्षांश) × साइन(क्रां)) ÷ (कोसाइन(अक्षांश) × कोसाइन(क्रां))

सूर्योदय = म − ४ × ता

सूर्यास्त = म + ४ × ता

ब, क्रां आणि ता अंशांत. वे नुसत्या मिनिटांत, म आणि शेवटच्या दोन वेळा मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत. ‘ब’ म्हणजे वर्षातला दिवस कोनात मांडलेला. ‘ता’ म्हणजे मध्यान्हीपासून मावळेपर्यंत सूर्य जितका सरकतो तो कोन. ‘क्रां’ म्हणजे क्रांती, सूर्य विषुववृत्ताच्या किती वर किंवा खाली आहे ते. ‘म’ म्हणजे आपल्या गावाची खरी मध्यान्ह. ८२.५ हा भारतीय प्रमाणवेळेचा रेखांश, त्यावरच्या गावांत सूर्य सरासरी बाराला डोक्यावर येतो. सांगलीत सरासरी साडेबाराला, दोनेक मिनिटं पुढेच. ‘वे’ ही घड्याळ आणि सूर्य यांच्यातली तफावत. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि कक्षा पुरती गोल नाही, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढेमागे असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तर सव्वासोळा मिनिटं पुढे.

−०.०१४५ हा आकडा कुठून आला? तो उणे ०.८३३ अंशाचा साइन. क्षितिजाशी हवेमुळे किरण वाकतात, ते ३४ कला (६० कला म्हणजे एक अंश), आणि सूर्यबिंबाची त्रिज्या १६ कला. मिळून ५० कला, म्हणजे ०.८३३ अंश. बिंबाची वरची कड दिसेनाशी होते तो सूर्यास्त. काही पंचांगांत बिंबाचा मध्य धरतात आणि वक्रीभवन सोडून देतात. तुमचं उत्तर पंचांगापेक्षा रोज साडेतीन-चार मिनिटं पुढे येत असेल तर हेच कारण. पंचांग पाळायचं असेल तर त्या आकड्याऐवजी शून्य घाला.

पडताळ्यासाठी २१ जून घ्या. दि १७२, ब जवळजवळ ९०, क्रांती २३.४५, वे उणे दीड. ८२.५ उणे ७४.५८ म्हणजे ७.९२, गुणिले ४ म्हणजे ३१.७. मध्यान्ह ७५३, म्हणजे १२:३३. ता ९८.५ अंश, चौपट ३९४ मिनिटं. बेरीज ११४७ मिनिटं, म्हणजे संध्याकाळचे ७:०७. आईची दिनदर्शिका.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो. एक्सेलचे साइन-कोसाइन अंश ओळखत नाहीत, त्यांना रेडियन (कोन मोजायचं दुसरं माप) लागतात. म्हणून आत जाणारा प्रत्येक कोन ‘रेडियन्स’ फंक्शनमधून न्यायचा आणि शेवटी ‘ता’ काढताना ‘ॲकॉस’चं उत्तर ‘डिग्रीज’मधून बाहेर काढायचं. मी हे शेवटचं विसरलो. सूर्योदय दुपारी १२:२६ आणि सूर्यास्त १२:४०! चौदा मिनिटांचा दिवस. तुम्हालाही असं काही दिसलं तर आधी रेडियन तपासा.

आकडे नीट आले की सूत्र ३६५ ओळी खाली ओढा आणि एकदा नुसती नजर फिरवा. मला वाटायचं, सगळ्यात लवकर सूर्य मावळतो तो २१-२२ डिसेंबरला. तसं नाही. सांगलीत सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या विशीत, ५:५६ ला. सगळ्यात लहान दिवस उजाडतो तोवर सूर्यास्त परत ६:०३ वर आलेला असतो. आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय थेट जानेवारीत, २० तारखेच्या आसपास, ७:०४. सगळा खेळ त्या ‘वे’चा. वीस वर्षं हे तक्ते लावतोय, आकडे कधी वाचले म्हणून नव्हते.

हे सोपं सूत्र आहे, मिनिट-दीड मिनिट इकडेतिकडे होतं. लीप वर्षानंही तेवढाच फरक पडतो, त्याची काळजी करू नका. ज्याला सेकंदापर्यंत पाहिजे त्यानं मोठं गणित लावावं. मी माझ्या उत्तरातून सरळ दोन मिनिटं वजा करतो आणि विषय संपवतो.

एक्सेलमध्येच ‘नाऊ’ फंक्शन लावून उलटं घड्याळ करता येईल असं वाटतं, पण ते आपण काही टाइप केलं किंवा एफ-नाइन दाबलं तरच हलतं. वर उत्तर उणे गेलं की खान्यात वेळेच्या जागी नुसत्या जाळ्या (####). म्हणून स्क्रीनवर रेनमीटर, म्हणजे डेस्कटॉपवर आपल्याला हवं ते दाखवणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, विंडोजवर चालतं, माझ्या जुन्या मशीनवरसुद्धा ओझं होत नाही. लिनक्सवाल्यांनी हेच गणित कॉन्कीत, म्हणजे तिकडच्या तसल्याच प्रोग्रॅममध्ये, घालावं.

रेनमीटर टाकला की डॉक्युमेंट्समध्ये रेनमीटर नावाचा फोल्डर येतो, त्यात ‘स्किन्स’. त्याच्या आत ‘सूर्यास्त’ नावाचा (इंग्रजी अक्षरांत) फोल्डर करा आणि त्यात नोटपॅडनं एक फाइल, शेवटी डॉट आयएनआय. साठवतानाच एन्कोडिंगच्या खान्यात ‘यूटीएफ-१६ एलई’ निवडा. जुन्या नोटपॅडमध्ये तिथे नुसतं ‘युनिकोड’ लिहिलेलं असतं. हे केलं नाही तर मराठी अक्षरांच्या जागी कचरा उमटतो. आम्ही डीटीपीवाले असा कचरा ओळखून असतो, पण मलाही अर्धा तास फॉन्टच बिघडलाय असं वाटत होतं. फॉन्टला ‘निर्मला यूआय’ लिहा, तो विंडोजबरोबर आलेलाच असतो.

फाइलमध्ये चौकटी कंसात एकेका भागाचं नाव आणि खाली त्याच्या ओळी. पहिल्या ‘रेनमीटर’ भागात अपडेट १०००, म्हणजे दर सेकंदाला. मग ‘टाइम’ जातीची चार मेजर (मेजर म्हणजे आकडा काढणारा भाग): वर्षातला दिवस, तास, मिनिट, सेकंद. वर्षातल्या दिवसासाठी फॉरमॅटमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि धाकटा जे. त्यानंतर वरच्या सूत्रातल्या प्रत्येक ओळीला एक ‘कॅल्क’ मेजर. इथे अंशाचे रेडियन करायला ‘रॅड’ आहे आणि परत अंश करायला १८० ने गुणून ‘पाय’ने भागायचं. कॅल्कच्या सूत्रात दुसऱ्या मेजरचं नाव कंसाशिवाय लिहायचं.

उरलेला वेळ काढणारं मेजर नीट लिहा. मी फक्त ‘सूर्यास्त उणे आत्ताची वेळ’ लिहिलं होतं, तर रात्री आठला घड्याळ उणे पंचावन्न दाखवायला लागलं. दिवसाचे तीन तुकडे पाडायचे. आत्ताची वेळ सूर्योदयाच्या आधीची असेल तर सूर्योदयातून ती वजा. नाहीतर सूर्यास्ताच्या आधीची असेल तर सूर्यास्तातून वजा. दोन्ही नसेल तर दिवसाच्या ८६४०० सेकंदांतून आत्ताचे सेकंद वजा करून त्यात सूर्योदयाचे मिळवायचे. सगळं सेकंदांत ठेवा, सूर्योदय-सूर्यास्ताची मिनिटं ६० ने गुणून. उद्याचा सूर्योदय आजच्यापेक्षा मिनिटभरानंही हलत नाही, तेव्हा आजचाच धरला तरी चालतो.

दाखवायला ‘स्ट्रिंग’ जातीचं मीटर (मीटर म्हणजे तो आकडा स्क्रीनवर उमटवणारा भाग). त्यात तास आणि मिनिटंच ठेवा. मी आधी सेकंदही ठेवले होते, पण कोपऱ्यात काहीतरी सतत उडत राहिलं की कर्निंग (अक्षरांमधली जागा) बघणाऱ्या डोळ्याला ते खुपतं. आणि आम्ही दिवसभर कोरलड्रॉ पूर्ण स्क्रीनवर उघडून बसणार, डेस्कटॉप दिसतोय कुणाला? म्हणून स्किनवर (म्हणजे आपल्या या घड्याळावर) उजवं बटण, सेटिंग्ज, पोझिशन, तिथे ‘स्टे टॉपमोस्ट’. शेजारचं ‘क्लिक थ्रू’ही लावा, म्हणजे खालच्या बटणांवर क्लिक जाईल. हे लावल्यावर स्किनवर उजवं बटण चालत नाही. बदल करायचा असला की खाली घड्याळाशेजारच्या थेंबाच्या चित्रावरून आत जा.

यानंतर आठवडाभरानं मी जो बदल केला तो सगळ्यात उपयोगी ठरला. घड्याळ सूर्यास्ताचं ठेवलं की माणूस ‘अजून पंचवीस मिनिटं आहेत’ म्हणतो आणि अजून एक ओळ बदलत बसतो. मी हिशेब मांडला: मशीन बंद करून शटर ओढायला ५ मिनिटं, स्कूटरवर घर १२, हातपाय धुऊन जेवायला २५, सूत्राची २. झाली ४४. ही मिनिटं सूर्यास्तातून वजा करून घड्याळ त्या वेळेला लावलं आणि वरचं अक्षर बदललं: ‘उठायला’. आता कोपऱ्यात ‘उठायला ० : ३१’ दिसतं. शेवटच्या १५ मिनिटांत रंग केशरी होतो, शून्य झालं की लाल. रंगासाठी त्या मेजरमध्ये ‘इफ कंडिशन’ आणि त्याच्या पुढच्या कृतीत ‘सेट ऑप्शन’नं मीटरचा फॉन्ट कलर बदलायचा. आवाज लावू नका. गिऱ्हाईक दचकतं.

तुमचं कारण वेगळं असेल. कुणाला गच्चीवरचे पापड-कुरडया उचलायच्या असतील, कुणाला आयर्विन पुलावर सूर्यास्ताचा फोटो पाहिजे असेल. फोटोवाल्यानं वजा करायच्या मिनिटांत कॅमेरा लावायचा वेळही धरावा, पापडवाल्यानं जिना.

हे सगळं कॉम्प्युटरच्या घड्याळावर उभं आहे. गेल्या पावसाळ्यात घड्याळ अचानक ‘उठायला ३ : ४०’ दाखवायला लागलं तेव्हा बाहेर झेरॉक्सवाला शटर ओढत होता. मदरबोर्डवरचा सेल संपला होता. लाइट गेली की मशीन कुठल्यातरी जुन्या तारखेच्या पहाटेपासून मोजायला लागायचं. गोल बटणासारखा सीआर २०३२ सेल, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. बदलला, मग तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबलं. लाइट गेल्यानंतर तारखेकडे एकदा बघत जा.

बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत आहे, एडिसनला. त्यानं फोल्डर मागितला. त्याला तीन आकडे बदलायला सांगितले. अक्षांश ४०.५, रेखांश उणे ७४.४ (पश्चिम म्हणून उणे) आणि ८२.५ च्या जागी उणे ७५. जूनमध्ये त्याला साडेआठपर्यंत मुभा, पण डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा तो ऑफिसात असतो. त्याच्या ‘उठायला’त ट्रेन पण धरावी लागली, ते घड्याळ दुपारी दोनलाच केशरी होतं. म्हणून हिवाळ्यात तो डबा नेतो आणि वजा करायची मिनिटं डबा उघडण्यापुरतीच ठेवतो. शिवाय तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा ‘म’मध्ये ६० मिळवायचे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी काढायचे. पहिल्या वर्षी तो काढायला विसरला. त्या आठवड्यात मामाला तीन फोन.